व्याह्यांच्या घरचा भोंगा

४ नोव्हेंबर, सोमवार

ही म्हणते, मनात ठेवलं की तुमचं पित्त खवळतं, त्यापेक्षा लिहून काढा. बॅटरीवाल्याने दिलेली ही डायरी नाहीतरी दुकानात धूळ खातच पडली होती. तर लिहितो.

आज जावईबापूंचा फोन. "अण्णा, रागावू नका, पण सकाळी दार उघडलं आणि सायरन वाजलाच नाही."

दिवाळखोराला दारात सावकार दिसावा तसं झालं मला. अख्खं आयुष्य लोकांच्या घरी चोरघंटा बसवण्यात गेलं, आणि बंद पडायची तर नेमकी मुलीच्या सासरी! बसवून महिनासुद्धा झाला नाही. बसवताना मी तिथे काय काय बोललो तेही आठवलं. "गल्लीच्या टोकाला झोपलेला माणूस उठून बसेल," असं विहीणबाईंसमोर छाती फुगवून सांगितलं होतं. त्या नुसत्या "हो का" म्हणाल्या होत्या.

मी विचारलं, "दार कोणी उघडलं होतं?"

"असंच... घरच्यांपैकी कुणीतरी."

जावयाची एक गंमत आहे. बसवतानाच त्याने बजावून सांगितलं होतं, की बाहेरून कुणी आलं तर वाजेलच, पण आतून दार उघडलं तरी वाजला पाहिजे, आणि दिवसासुद्धा. ज्याला बाहेर जायचं त्याने आधी बटणांवर आकडा दाबायचा, मग कडी काढायची. आता चोर काय आतून बाहेर येतो? पण जावयाशी वाद कोण घालणार! म्हणाला तसं करून दिलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

जाऊन आलो. पॅनेलपाशी मीटर लावला, व्होल्टेज अगदी ठणठणीत. वर सायरनपाशी मात्र काहीच नाही. म्हणजे तार मध्येच कुठेतरी तुटलेली. शोधत शोधत स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या जोडाच्या डबीपर्यंत आलो. झाकण उघडलं तर काळी तार स्क्रूतून निसटून मोकळी लोंबत होती.

तो स्क्रू मी माझ्या हाताने आवळला होता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

विहीणबाई कणीक मळत होत्या, तशाच बाहेर आल्या. "सापडलं का हो?" मी म्हटलं, "किरकोळ होतं, धक्क्याने सैल झालं असेल." भिंतीला धक्का कसला बसतो, हे त्यांनी विचारलं नाही. मोठ्या मनाची बाई.

व्याही मात्र... लिहू का नको? लिहितोच. बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. मी नमस्कार केला तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "टेलिफोनवाले ना तुम्ही? बऱ्याच दिवसांनी आलात."

मी हसलो. थट्टा असेल म्हटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. शांतपणे पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा धरला होता, म्हणजे मला टाळायचंच होतं.

हाच माणूस लग्नाआधी माझ्या दुकानात तास तास बसायचा. पुलांचा मोठा इंजिनियर, पण माझ्या कळकट बाकावर बसून विचारायचा, "हा रेझिस्टर इथे कशाला? काढला तर काय होईल?" मला केवढा अभिमान वाटायचा. आता मुलगी घरात आली, काम झालं. गरज सरो नि वैद्य मरो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सायरन पुन्हा गप्प.

मी लगेच गेलो. या वेळी डबीत दोन्ही तारा स्क्रूत घट्ट होत्या. पण लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या. असल्या सायरनला उलटं जोडलं तर तो मुका होतो. हे मी दुकानात नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

म्हणजे मंगळवारी मी स्वतःच उलटं जोडलं, आणि वाजवून न बघता चहा पिऊन आलो? मला तर वाजवल्याचं आठवतंय. विहीणबाईंनी कानावर हात ठेवले होते, तेही आठवतंय. पण तारा खोटं बोलत नाहीत. मग माझी आठवणच दगा देत असेल. वय झालं का माझं?

कुणाला सांगितलं नाही. तारा सरळ केल्या, वाजवून बघितलं, "बॅटरी उतरली होती" अशी थाप मारली. खोटं बोलताना कान तापले. डबीच्या झाकणावर पांढरट बोटं उठली होती, ती रुमालाने पुसून टाकली. भिंतीचा चुना झडतोय वाटतं.

व्याह्यांनी आज मला दारातच अडवलं. आवाज चढवून म्हणाले, "कामाची माणसं मागच्या दाराने येतात."

मुलगी धावत आली. "बाबा, अहो, हे अण्णा आहेत." ते तिच्याकडे बघून हसले, माझ्याकडे नाही. मी मुकाट्याने वळसा घालून मागच्या दाराने गेलो. ती "अण्णा, अण्णा" करत मागे आली, पण मी थांबलो नाही. भोंगा धड बसवता न येणाऱ्याने मान कुठल्या तोंडाने मागायचा?

१० नोव्हेंबर, रविवार

हिला मागच्या दाराचं सांगितलं. वाटलं, आता व्याह्यांची सालटी काढेल. पण ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो माणूस असा नव्हता हो."

मी म्हटलं, "माणसं बदलतात."

"एवढी?"

बायकांना सगळ्यात खोल काहीतरी दिसतं. मला अपमान दिसला, तेवढा पुरे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी जावयाचा फोन. आता तो रोज कामावरून आला की सायरन वाजवून बघतो. आज पुन्हा मुका. आवाजात वैताग होता. "अण्णा, जमत नसेल तर तसं सांगा. मी सकाळी लवकर जातो, तीही कामावर जाते. दिवसभर मागे काय होईल याची मला काळजी असते."

जमत नसेल तर! हे वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज सुट्टी म्हणून सगळे घरात होते. डबी उघडली आणि माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी संतापलोही. काळी तार नुसती निसटली नव्हती. स्क्रू सैल करून ती काढलेली होती, आणि उघड्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला होता. वर स्क्रूच्या खाचेत ओरखडे, सुरीच्या टोकाने फिरवल्यासारखे. हे कुणीतरी मुद्दाम करतंय. मी म्हातारा झालेलो नाही!

चहाच्या वेळी मला राहवलं नाही. "माझ्या कामात खोट नाही," मी कप आपटूनच म्हणालो. "घरातलंच कुणीतरी तार काढतंय."

जावई आईकडे बघत राहिला. विहीणबाई बशीकडे. व्याही तेवढे प्रसन्नपणे म्हणाले, "तार काढली तर काय होईल?" त्यांचं नेहमीचं विचारणं.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "अण्णा, मीच काढते. त्या आवाजाने माझं डोकं दुखतं. कुणाला बोलू नका."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहायची लाज वाटते. बापाच्या तोंडाला काळं फासलंस म्हणालो. तुझ्यापायी तो म्हातारा मला मागच्या दाराने पाठवतो म्हणालो. ती खाली मान घालून ऐकत होती. एका शब्दाने उलटून बोलली नाही, एरवी शब्दाला शब्द देणारी पोर.

१७ नोव्हेंबर, रविवार

हिला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "डोकं दुखतं? तिचं? तुम्ही मागच्या खोलीत भोंगे वाजवायचात आणि ती त्याच खोलीत बसून गणितं सोडवायची. एकदा तर भोंग्याला टेकून झोपली होती."

"मग ती खोटं का बोलेल?"

"ते तिला विचारा. ओरडू नका, विचारा."

मी विचारणार नाही. चूक तिची, मी का पडतं घेऊ? दुसरा उपाय आहे माझ्याकडे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज बसवून आलो. नवा सायरन, पत्र्याच्या पेटीतला, पोटात स्वतःची बॅटरी असलेला. तारा जोडलेल्या आहेत तोवर तो पॅनेलचं ऐकतो. कुणी तार काढली किंवा कापली, की आपल्या बॅटरीवर बोंबलायला लागतो, आणि मग आकडा दाबून काय, पॅनेल उपटून फेकलं तरी थांबत नाही. वर शिडी लावून, किल्लीने पेटी उघडूनच थांबवावा लागतो. किल्ली माझ्याकडे. जोडाची डबी काढूनच टाकली, तार लोखंडी नळीतून नेली. वर जिथे नळी संपते तिथे वीतभर तार उघडी राहिली तेवढीच.

पेटीवर दुकानाचं नाव आणि नंबर लाल अक्षरांत. झोकदार दिसते.

तार कापली तर काय होईल, हे कुणालाच सांगितलं नाही. जावयालाही नाही. मुद्दाम. जी काढते तिला एकदा अद्दल घडू दे, म्हणजे माझ्या कामावरचा डाग जाईल. विहीणबाईंनी विचारलं, "आता हे अजिबात बिघडणार नाही का?" मी म्हटलं, "अजिबात नाही." त्यांचा चेहरा उतरला. नळीमुळे भिंतीची शोभा गेली असं वाटलं असेल.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल, पुन्हा वाचायचंही नाही.

सकाळी नुकतं दुकान उघडलं होतं. अनोळखी माणसाचा फोन, मागे माझा सायरन. दुसऱ्या कुणाचा असता तरी मी ओळखला असता. "तुमचा नंबर पेटीवर आहे म्हणून केला. या आणि हे बंद करा, लहान मुलं घाबरलीत."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडली, म्हटलं. गाडीवर बसून गल्लीच्या टोकाशी पोचलो तोवर आनंदच होता. आवाज खरोखर टोकापर्यंत येत होता.

फाटकासमोर ही गर्दी. गॅलऱ्यांतून माणसं. आणि मधे व्याही. अंगात बनियन, एका पायात विहीणबाईंची चप्पल, दुसरा अनवाणी, दोन्ही हात कानांवर गच्च, आणि पायजमा पुढून ओला. विहीणबाई आपल्या पदराने त्यांना झाकायला बघत होत्या आणि ते त्यांना कोपराने ढकलत होते. विहीणबाईंच्या दुसऱ्या हातात अजून कात्री होती.

मुलगी घरात नव्हतीच. ती केव्हाच कामावर गेली होती.

ते बाहेर पडले, सायरन वाजला, आणि आकडा दाबायचं सोडून विहीणबाईंनी नेहमीप्रमाणे तारेकडे धाव घेतली. डबी नव्हती, म्हणून स्टुलावर चढून वरची उघडी तार कापली. मग तो माझा सायरन कुणाचंच ऐकेना.

मी शिडी लावली, वर चढलो, आणि किल्ली दुकानात राहिली होती. खालून सगळे बघताहेत. शेवटी हातोड्याने माझीच पेटी फोडली. एका घावात फुटेना. चांगली केली होती ना! मी घाव घालत होतो आणि खाली ते ओरडत होते.

आवाज थांबला तेव्हा त्यांचं ओरडणं तेवढं ऐकू आलं. "पूल पडला का? माणसं किती होती पुलावर? मला कुणी सांगत का नाही?"

मी शिडीवरून उतरलो. त्यांच्यासमोर गेलो, म्हटलं, "पूल पडला नाही, साहेब. सगळी माणसं ठीक आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मात्र नीट, अगदी डोळ्यांत बघितलं. हातातल्या हातोड्याकडेही बघितलं.

विहीणबाई त्यांना आत घेऊन गेल्या. मी फुटलेले पत्रे गोळा करत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. गर्दीतल्या एकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भोंगा मात्र जबरदस्त हं!"

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कळलं आता सगळं. आंधळ्यालाही कळलं असतं, इतकं समोर होतं. उलटा पेपर. टेलिफोनवाले. आतून दार उघडलं तरी वाजला पाहिजे. माझा जावई चोराला नाही, बाप बाहेर भरकटेल म्हणून भीत होता, आणि हे मुलीच्या बापाला सांगायचं कसं म्हणून त्याने चोराचं नाव पुढे केलं.

मी हिला म्हटलं, "मला वाटलं, ते मला मुद्दाम ओळख देत नाहीत."

ती म्हणाली, "महिनाभर तेच तर ऐकतेय." मग माझं ताट वाढून शेजारी बसली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुकानात मात्र दिवसभर फोन. त्या गल्लीतले लोक. "काल वाजला तसलाच हवा." एक म्हणाला, "वेड्या म्हाताऱ्यालासुद्धा जागेवर खिळवलं, चोर काय पळणार!" आजवर इतकी मागणी कधी आली नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं, तो माल आता येत नाही. आणि फोन काढून ठेवला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज गेलो. माफी मागायला आणि भिंतीवरची नळी काढायला. फार आवाज न करणारी एक छोटी घंटी बरोबर घेतली होती. दार उघडलं की स्वयंपाकघरात नुसती किणकिणेल, बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही.

व्याही अंगणात खुर्चीवर बसले होते. मी फाटकाच्या कडीला हात लावला आणि त्यांनी मला पाहिलं. लगेच दोन्ही हात कानांवर. खुर्ची मागे पडली, ते घराकडे धावले. एवढा मोठा माणूस, दाराआडून बघत होता.

मी फाटक लावून घेतलं आणि रस्त्यावरच उभा राहिलो. थोड्या वेळाने विहीणबाई बाहेर आल्या. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "तुमची तार कापली हो मी. नवी होती. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

मी पिशवीतली घंटी काढून त्यांना दाखवली.

"तुम्हाला मी चारदा हेलपाटे घालायला लावले," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणतो सायरन हवाच. पण पहिल्यांदा वाजला तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली आणि हे ढसाढसा रडले. म्हणून मी दिवसा तार काढायची आणि मुलगा घरी यायच्या आधी लावायची, कधी राहून जायचं. एकदा चष्मा सापडेना, तेव्हा काहीतरी उलटंसुलटं लागलं बहुतेक. सायरन कशाला हवा? ते पुढे चालतात, मी मागे चालते. दमले की परत आणते. एकदाच हातून सुटले, मी अंघोळीला गेले होते तेव्हा."

"मला सांगितलं असतंत तर..."

"मुलीकडच्या माणसांना काय सांगायचं? फसवलं म्हणाला असतात. लग्नाच्या वेळीच थोडं थोडं सुरू झालं होतं. तुमच्या लेकीला मीच म्हटलं, माहेरी बोलू नकोस. तिने शब्द पाळला."

तिने शब्द पाळला, आणि मी तिला फाटकाशी उभी करून नाही नाही ते बोललो.

१ डिसेंबर, रविवार

काल मुलीला फोन केला होता. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती. ती म्हणाली, "अण्णा, राहू द्या ते. घंटीचं काय करायचं सांगा." मी म्हटलं, "मी येतो." ती म्हणाली, "नका येऊ. अण्णा, त्यांना आमची नावं आठवत नाहीत, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण तुम्ही आठवता. नुसतं तुमचं नाव काढलं तरी कान झाकतात."

महिनाभर मला तेवढंच हवं होतं, त्यांनी मला ओळखावं.

आज घंटी, तारा आणि स्क्रू ड्रायव्हर जावयाच्या हाती दिले, आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावर, त्यांच्या घरातून दिसणार नाही अशा जागी उभा राहिलो. फोन कानाला. मुलगी स्टुलावर. मी सांगत होतो आणि ती माझ्या आधीच पुढचं करत होती. "लाल डावीकडे," मी म्हणायच्या आत म्हणाली, "लावली." हात माझाच आहे तिचा.

"आता दार उघडून बघते," ती म्हणाली. मी फोन कानापासून दूर धरला आणि रस्त्यावर कान दिला. एक सायकल गेली. कुणीतरी कपडे आपटत होतं. बाकी काही नाही.

"वाजली का?" मी विचारलं.

"वाजली. आई स्वयंपाकघरातून लगेच आल्या."

"आणि ते?"

"पायरीवर उभे आहेत. आईंनी हात धरलाय. घाबरले नाहीत, अण्णा. फिरायला निघालेत दोघं, त्या कोपऱ्याकडेच येतायत."

मी फोन बंद केला आणि शेजारच्या दुकानात शिरलो. ते दोघं जाईपर्यंत पाठ करून उभा राहिलो. दुकानदाराने काय हवं विचारलं, मी समोरच्या काडेपेटीकडे बोट दाखवलं.